कर्ज-तडजोड कंपनीची सेवा : १८ महिन्यांचा हिशेब

साताऱ्यात माझे फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छपाईचे दुकान आहे. टाळेबंदीत लग्नसराईचे दोन हंगाम वाया गेले, त्यातच आईच्या शस्त्रक्रियेचा खर्च आला, आणि दुकानाचे भाडे व कागदाची उधारी भागवण्यासाठी मी आधी एका खासगी बँकेचे वैयक्तिक कर्ज, मग दोन क्रेडिट कार्डे आणि शेवटी मोबाइल ॲपवरून मिळणारे एक झटपट कर्ज, अशा चार ठिकाणी अडकलो. कार्डांवर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागत असताना मी जवळपास दीड वर्ष केवळ किमान रक्कम भरत राहिलो. त्या दीड वर्षात मुद्दल फारसे हलले नाही. २०२३ च्या मार्चमध्ये चारही ठिकाणची मिळून थकबाकी ७,५०,००० रुपये होती, महिन्याचे हप्ते २४,००० च्या घरात जात होते आणि घरखर्च भागवून माझ्या हातात जेमतेम १५,००० उरत होते. त्या महिन्यात मी थकीत कर्जे बँकेशी बोलून कमी रकमेत मिटवून देणाऱ्या एका खासगी कंपनीकडे नाव नोंदवले. तिची सेवा मी १८ महिने घेतली. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण तिच्याविरुद्धची माझी तक्रार अजून निकाली निघालेली नाही. शिवाय नंतर परिचितांकडे असलेली अशाच दोन कंपन्यांची करारपत्रे मी वाचली, तेव्हा त्यांतील अटी अर्थाने याच होत्या असे दिसले.

कंपनीची पद्धत अशी होती. ग्राहकाने चारही कर्जांचे हप्ते भरणे थांबवायचे, ठरावीक रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात साठवायची, खाती अनुत्पादक झाली, म्हणजे हप्ते न आल्याने बँकेने ती बुडीताच्या वाटेवरची धरली, की बँका तडजोडीला तयार होतात, आणि मग साठलेल्या रकमेतून एकेक खाते मिटवायचे. शुल्क दोन प्रकारचे होते. दरमहा ६,००० रुपये सेवाशुल्क, आणि प्रत्येक तडजोडीच्या रकमेवर १५ टक्के यशशुल्क. दोन्हींवर जीएसटी वेगळा. म्हणजे माझ्या १५,००० मधले ७,०८० रुपये कंपनीला जात आणि ७,९२० रुपये साठत. हा हिशेब मी पहिल्याच दिवशी कागदावर मांडायला हवा होता. फोनवर बोलणाऱ्या सल्लागाराने मला साठणारी रक्कम सांगितली नाही, बँका देतील त्या सवलतीची टक्केवारी सांगितली; आणि वसुलीच्या फोनांनी त्रासलेल्या माणसाला त्या क्षणी तेवढेच ऐकायचे असते.

सेवेत काही गोष्टी चांगल्या होत्या. वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे, हे मला पहिल्यांदा या कंपनीकडून कळले. माझ्या सासूबाईंना आणि दुकानातल्या मुलाला ॲपवाल्यांचे फोन येऊ लागले होते. कंपनीने त्यावर कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवायचे पत्र लिहून दिले, आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार कशी नोंदवायची तेही समजावले. त्या पत्रानंतर नातेवाइकांना येणारे फोन थांबले. माझ्या पत्नीला त्यामुळे जो दिलासा मिळाला त्याची किंमत मी कमी लेखत नाही. तिच्या आवाजातली भीती गेली, हे मी घरात रोज पाहिले.

परंतु हप्ते थांबवण्याचा सल्ला देताना त्याचे परिणाम सांगणे हा या सेवेचा गाभा असायला हवा होता, आणि तिथेच ती कमी पडली. हप्ता चुकला की दंड लागतो, व्याज चढत राहते, ९० दिवसांनी खाते अनुत्पादक ठरते आणि प्रत्येक चुकलेला महिना सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांच्या अहवालात नोंदला जातो, एवढे मला ठाऊक होते. हप्त्यासाठी दिलेला ऑटो डेबिटचा आदेश खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, हे मात्र ठाऊक नव्हते. धनादेश न वटल्यास जे कलम १३८ लागते त्याचेच हे भावंड आहे. शिक्षाही तीच, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. दहाव्या महिन्यात वैयक्तिक कर्जाच्या बँकेकडून याच कलमाची नोटीस आली. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरायची असते. कंपनीकडे धाव घेतली तेव्हा उत्तर मिळाले, की नोटिशीला उत्तर लिहून देणे सेवेत येते, न्यायालयात उभे राहणे येत नाही. त्यासाठी वकिलाचे शुल्क वेगळे. करारात ते कलम होते. नोंदणीच्या वेळी तोंडी मात्र असे सांगितले गेले होते, की एवढ्या लहान रकमांसाठी बँका कोर्टात जात नाहीत.

त्या नोटिशीमुळे मी जिल्हा न्यायालयातल्या एका ज्येष्ठ वकिलांकडे गेलो आणि सरळ विचारले, की साहेब, मी दिवाळे जाहीर केले तर यातून सुटका होईल का. त्यांनी मला जे तासभर समजावले ते या १८ महिन्यांतले सर्वांत उपयोगी मार्गदर्शन होते, म्हणून ते थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे व्यक्तीच्या दिवाळखोरीला कायद्याच्या मराठीत नादारी म्हणतात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी आहे, पण तो आजवर केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी, १ डिसेंबर २०१९ पासून, लागू केलेला आहे. तुमच्या-माझ्यासारख्या साध्या कर्जदाराला ती संहिता अजून उपलब्ध नाही. तिच्यात अत्यंत गरीब कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद आहे; वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचे घर नसावे, अशा तिच्या अटी आहेत. ती तरतूदही कागदावरच आहे. म्हणून मुंबईत १९०९ चा आणि उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, हे इंग्रजांच्या काळचे दोन कायदेच आजही चालतात. १९२० च्या कायद्यात कर्जदाराने अर्ज करण्यासाठी किमान कर्ज ५०० रुपये ठरवले होते आणि तो आकडा अजून तोच आहे, यावरून त्याकडे किती लक्ष दिले गेले हे कळते.

या कायद्याखाली नादार ठरल्यावर काय होते, तेही समजून घ्यावे. कर्जदाराची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, आणि मुक्तीचा, म्हणजे उरलेल्या कर्जांतून सुटका देणारा, आदेश होईपर्यंत त्याला जे काही वारशाने किंवा अन्य मार्गाने मिळेल तेही त्यातच जमा होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेल्या वस्तू मात्र सुटतात. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची अवजारे या त्या वस्तू. न्यायालय अटकेपासून संरक्षण देऊ शकते. पुढे कर्जदाराने मुक्तीसाठी वेगळा अर्ज करायचा असतो, आणि तेथे एक विलक्षण अट आहे. मालमत्तेतून विनातारण कर्जांची रुपयाला आठ आणे, म्हणजे निम्मी, फेड होत नसेल, तर ही परिस्थिती आपल्या दोषामुळे आलेली नाही हे न्यायालयाला पटवून द्यावे लागते. एरवी बिनशर्त मुक्ती नाकारली जाते. मुक्ती मिळाली तरी सरकारी देणी, फसवणुकीतून झालेली देणी आणि पोटगी यांतून सुटका नाही, आणि जामीनदारही मोकळा होत नाही. मुक्ती मिळेपर्यंत निवडणूक लढवण्यासही अपात्रता असते. संसद आणि विधिमंडळासाठी तर ती खुद्द राज्यघटनेत लिहिलेली आहे.

माझ्या नावावर कोरेगाव तालुक्यात वडिलोपार्जित जमिनीचा हिस्सा होता. नादारीचा अर्ज केला असता तर तो रिसीव्हरच्या हाती गेला असता, प्रकरण काही वर्षे चालले असते आणि मिळालेल्या किमतीतून खर्च वजा होऊन उरलेले बँकांना वाटले गेले असते. वकीलसाहेबांनी हे सांगितले आणि वर आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला, त्यानंतर १८७९ मध्ये जो दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर याच चार जिल्ह्यांना लागू होता. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी, म्हणजे रक्कम भरा या न्यायालयाच्या निकालापोटी, शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची पद्धत त्याने बंद केली आणि त्याला नादारीची वाटही दिली. याच जिल्ह्यात दीडशे वर्षांपूर्वी कर्जबाजारी माणसासाठी स्वतंत्र कायदा करावा असे सरकारला वाटले होते, आणि आज त्याच जिल्ह्यातला छोटा दुकानदार सल्ला शोधतो तेव्हा त्याच्या हाती पहिल्यांदा खासगी कंपनीचा फोन नंबर लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच, जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात, निव्वळ असमर्थतेमुळे फेड न करू शकणाऱ्या प्रामाणिक कर्जदाराला दिवाणी कैदेत टाकता येणार नाही असे सांगितले आहे. घाबरून कर्ज घेऊन कर्ज फेडणाऱ्या प्रत्येकाला एवढे तरी माहीत असायला हवे.

वकीलसाहेबांचा सल्ला असा होता, की मालमत्ता थोडी, कर्जे विनातारण आणि धनको, म्हणजे कर्ज देणारे, तीन-चारच असतील तर नादारीपेक्षा तडजोड बरी, आणि तडजोडीसाठी मध्यस्थाची गरज नाही. बँकेशी मी स्वतः लेखी बोलू लागलो. त्यानंतर काही आठवड्यांतच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दाखलपूर्व प्रकरणाची, म्हणजे खटला दाखल होण्याआधी लोकअदालतीत तडजोडीसाठी बोलावणारी, नोटीस आली. कंपनीच्या सल्लागाराने लोकअदालतीला जाऊ नका, तेथे बँकेचे म्हणणे मान्य करावे लागते, असे सांगितले. हे साफ चुकीचे होते. लोकअदालतीत दोन्ही पक्षांची संमती असल्याशिवाय निवाडा होतच नाही. झाला तर त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते, म्हणून सही करण्याआधी विचार करावा लागतो, इतकेच. मी गेलो. बँकेचे अधिकारी निर्णयाचे अधिकार घेऊन आले होते. दुकानाची तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, आईच्या रुग्णालयाची बिले आणि साठवलेल्या रकमेचे पासबुक मी समोर ठेवले. मूळ ४,१०,००० चे चढत चढत ५,६०,००० झालेले कर्ज २,९०,००० रुपयांत, तीन हप्त्यांत मिटले, आणि नोटिशीचा विषयही त्याच निवाड्यात संपवल्याचे लिहून मिळाले. शुल्क काही नाही. जमिनीचा माझा हिस्सा थोरल्या भावाने बाजारभावाने घेतला आणि त्यातून मी ती रक्कम भरली. दादाने त्या वेळी एकही प्रश्न विचारला नाही.

आता उरलेली तीन खाती कंपनीने मिटवली त्यांचा हिशेब. पहिले कार्ड १,०५,००० मध्ये, दुसरे ५२,००० मध्ये आणि ॲपचे कर्ज ३८,००० मध्ये, अशी एकूण १,९५,००० रुपयांची तडजोड झाली. त्यावर यशशुल्क जीएसटीसह ३४,५१५ रुपये. १८ महिन्यांचे सेवाशुल्क १,२७,४४० रुपये. तिन्ही खात्यांपायी माझ्या खिशातून एकूण ३,५६,९५५ रुपये गेले. हप्ते थांबवले त्या दिवशी या तीन खात्यांची थकबाकी ३,४०,००० रुपये होती. चौथ्या खात्यासाठीही कंपनीने पत्रव्यवहार केला होता, म्हणून तिच्याशी न्यायाने वागायचे तर निम्मे सेवाशुल्क त्या खात्याकडे धरू. तरीही तीन खात्यांचा खर्च २,९३,२३५ होतो, म्हणजे दीड वर्षाच्या मनस्तापानंतर बचत ४६,७६५ रुपयांची. खात्यात साठलेल्या १,४२,५६० रुपयांत हे भागले नाही. उरलेल्या सुमारे ८७,००० साठी मला जुने छपाई यंत्र विकावे लागले.

यातली एक गोष्ट मला विशेष लागली. सातव्या महिन्यात दुसऱ्या कार्डाच्या बँकेने मला स्वतःहून ५५,००० रुपयांत खाते मिटवण्याचे पत्र पाठवले होते. सल्लागार म्हणाला, थांबा, आणखी खाली येईल. चार महिन्यांनी ते ५२,००० वर आले. वाचले ३,००० रुपये, आणि ५२,००० वर कंपनीचे यशशुल्क जीएसटीसह ९,२०४ रुपये. शिवाय मधल्या चार महिन्यांचे सेवाशुल्क वेगळे. दरमहा शुल्क घेणाऱ्या कंपनीला खाते लवकर मिटण्यात काही हित नसते, हे मला तेव्हा समजले. अमेरिकेत, जिथे हा व्यवसाय फोफावला, तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्येच फोनवरून विकल्या जाणाऱ्या अशा सेवांना एकही कर्ज मिटवण्याआधी शुल्क घेण्यास बंदी केली. आपल्याकडे अशी बंदी नाही. कर्ज-तडजोड कंपनी ही बँकही नाही आणि वित्तसंस्थाही नाही, त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिची तक्रार चालत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडेच जावे लागते. कर्जमाफीची प्रमाणपत्रे देण्याच्या नावाखाली शुल्क उकळणाऱ्या मोहिमांपासून सावध राहा, असा इशारा मात्र रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी दिला होता. माझी कंपनी तसले प्रमाणपत्र देत नव्हती, हेही नोंदवतो.

तडजोडीनंतरची किंमत पैशाच्या हिशेबात येत नाही. पतमाहिती अहवालात ही खाती ‘बंद’ अशी दिसत नाहीत, ‘सेटल्ड’ अशी दिसतात, आणि ती नोंद किमान सात वर्षे राहते. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या चौकटीप्रमाणे तडजोड केलेल्या कर्जदाराला शेतीखेरीज अन्य कर्जांत त्या बँकेने किमान १२ महिने नवे कर्ज द्यायचे नसते. त्याच चौकटीने प्रत्येक बँकेला तडजोडीचे संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण ठेवणे बंधनकारक केले आहे. म्हणजे शाखेत जाऊन वसुली विभागाच्या अधिकाऱ्याला लेखी अर्ज देणे ही विनवणी ठरत नाही; ज्या कामासाठी बँकेकडे धोरण आहे ते काम तुम्ही मागत असता.

त्यामुळे माझे मत असे आहे. कर्ज अजून थकलेले नसेल आणि उत्पन्न केवळ काही महिन्यांपुरते घटले असेल, तर ही सेवा घेऊ नये. बँकेकडे हप्त्यांची पुनर्रचना मागावी. खाती आधीच थकलेली असतील, हाताशी एकरकमी थोडे पैसे येणार असतील आणि घरात फोन उचलायचीही हिंमत उरली नसेल, तर अशा सेवेतला पत्रे लिहून देण्याचा भाग उपयोगी आहे, पण दरमहा शुल्क घेणाऱ्या कंपनीकडून तो घेऊ नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेखालचे सर्व जण यांना वकील मोफत मिळतो. ज्याच्याकडे काहीही उरलेले नाही, धनको दहा-बारा आहेत आणि हुकूमनामे होऊ लागले आहेत, त्याने नादारीचा विचार वकिलाबरोबर जरूर करावा. तो जुना कायदा अवघड आहे, पण तो जिवंत आहे आणि त्यात संरक्षण आहे.

तडजोड स्वतः करणाऱ्याने एक गोष्ट सोडू नये. पैसे भरण्याआधी बँकेच्या अधिकृत ईमेलवरून किंवा सही-शिक्क्याचे पत्र घ्यावे, आणि त्यात खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरण्याची अंतिम तारीख, उरलेली रक्कम पुढे मागितली जाणार नाही असे वाक्य आणि सुरू असलेली प्रकरणे मागे घेण्याची हमी असावी. पैसे थेट कर्जखात्यातच भरावेत, एजंटाच्या खात्यात कधीही भरू नयेत. भरल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नाही असे पत्र, मागून घ्यावा. माझ्या ॲपच्या कर्जाच्या बाबतीत कंपनीने दाखला आणून दिला नाही, आणि नऊ महिन्यांनी अहवाल काढला तेव्हा ते खाते अजून निर्लेखित (बुडीत म्हणून हिशेबातून काढलेले) आणि थकीत असे दिसत होते. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, म्हणून हे ध्यानात तरी आले. दुरुस्तीची तक्रार मी स्वतः केली आहे. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. आज २३ वा दिवस आहे.